फुली मारण्याआधी एक फोन करा : नाशिकच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहर आणि जिल्ह्यातले स्त्रीरोगतज्ज्ञ, प्रसूतिगृहांचे डॉक्टर आणि फॅमिली डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सिडकोत मेडिकल चालवते. फार्मासिस्ट आहे. तुमची चिठ्ठी माझ्या काउंटरवर येते तेव्हा तुम्ही काय लिहिलंय ते मला दिसतं, आणि काय खोडलंय तेही दिसतं. हे पत्र त्या खोडलेल्या ओळीबद्दल आहे.

प्रकार ठरलेला असतो. डिप्रेशन किंवा अँक्झायटीसाठी मानसोपचारतज्ज्ञांनी बाईला गोळी सुरू केलेली असते. गोळीवर ती बरी असते, कामाला जाते, घर बघते, जेवणखाण, झोप सगळं रुळावर आलेलं असतं. मग दिवस राहतात. पहिल्या तपासणीला तुम्ही विचारता, "आणखी काही औषधं चालू आहेत का?" ती पर्समधून जुनी चिठ्ठी काढते. तुमचं पेन त्या ओळीवर फुली मारतं आणि खाली फॉलिक ॲसिड लिहितं. "ही आजपासून बंद." ज्यांनी गोळी सुरू केली त्यांना विचारून या, असं सांगणारे डॉक्टर आपल्या शहरात आहेत, नाहीत असं नाही. पण माझ्या काउंटरवर येणाऱ्या चिठ्ठ्यांवरून सांगते, ते कमी आहेत. ती बाई मग उरलेली पाकिटं परत घ्याल का विचारायला येते, तेव्हा मला कळतं की गोड बातमी आहे आणि गोळी बंद झाली आहे.

माझं मागणं एवढंच आहे की ती फुली मारण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा. गोळी चालू ठेवायची, बदलायची, कमी करायची की खरंच थांबवायची, हे तुम्ही दोघांनी आणि त्या बाईने मिळून ठरवा. तुमच्या निर्णयावर बोलण्याची माझी पायरी नाही, असं काही जण म्हणतील. म्हणोत. बंद केलेल्या गोळीचे परिणाम आधी आमच्या काउंटरवर येतात, तुमच्या ओपीडीत नाही.

ते कसे येतात ते सांगते. ही औषधं एका दिवसात तोडली की चक्कर, मळमळ, झोप उडणं, डोक्यात करंट गेल्यासारखं वाटणं असा त्रास काही दिवस होऊ शकतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनला तो जास्त होतो. आता तिसऱ्या महिन्यातल्या बाईला चक्कर आणि मळमळ असेल तर घरचे काय म्हणणार? कडक डोहाळे आहेत म्हणणार. तीही तेच म्हणते आणि ओकारीची गोळी मागते.

त्यातून आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. एस्सिटॅलोप्राम हे डिप्रेशनचं औषध आणि क्लोनाझेपाम हे घबराट, झोपेचं औषध एकाच गोळीत असलेली पाकिटं आपल्या बाजारात धो धो खपतात. बाईला वाटतं आपण एक गोळी घेतो, प्रत्यक्षात ती दोन औषधं घेत असते. फुली एक, पण बंद दोन्ही होतात. क्लोनाझेपाम बरेच महिने चालू असेल आणि अचानक तुटलं, तर झोप जाते, हातपाय थरथरतात, छातीत धडधडतं, क्वचित फिटही येते. ते हळूहळू उतरवायचं औषध आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. पण फुली मारताना गोळीच्या नावामागचं 'प्लस' बघितलं जात नाही, हे मात्र सांगायला हवं.

हे झालं पहिल्या पंधरवड्याचं. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे ली कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली 'जामा' या नियतकालिकात एक अभ्यास छापला. आधी डिप्रेशन होऊन गेलेल्या आणि दिवस राहिले तेव्हा औषधावर बऱ्या असलेल्या २०१ बायकांवर त्यांनी पुढचे महिने लक्ष ठेवलं. औषध चालू ठेवलेल्यांपैकी २६ टक्के जणींना गरोदरपणात आजार पुन्हा उलटला. बंद केलेल्यांपैकी ६८ टक्के जणींना. पोटात बाळ असलं की बाई आपोआप आनंदी राहते, हा समज आपल्या घरांत जितका पक्का आहे तितकाच बऱ्याच दवाखान्यांतही आहे. या आकड्यांपुढे तो टिकत नाही.

आता दुसरी बाजूही सांगते. त्या अभ्यासातल्या बायका मोठ्या, खास केंद्रांत उपचार घेणाऱ्या होत्या, बऱ्याच जणींचा आजार जुना आणि उलटणारा होता. पुढे सौम्य आजाराच्या बायकांवर जे अभ्यास झाले, त्यांत चालू आणि बंद यांत इतकी तफावत दिसली नाही. म्हणजे काही जणींची गोळी खरंच थांबवता येते, समुपदेशनावर भागतं. कोणाची थांबवायची आणि कोणाची नाही, हे मात्र त्या बाईचा आजार किती वेळा उलटलाय, पूर्वी कधी जिवावर बेतलं होतं का, यावर ठरतं. ती माहिती तुमच्या फायलीत नसते. ती मानसोपचारतज्ज्ञांच्या फायलीत असते. फोन करा म्हणते ते याचसाठी.

तुम्हाला बाळाची भीती वाटते, हे मला समजतं. ती भीती हवेतून आलेली नाही. गरोदर बायकांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने १९५० च्या दशकाच्या शेवटी आणि १९६० च्या सुरुवातीला दहा हजारांहून जास्त बाळांचे हातपाय खाल्ले, ती आठवण औषधाच्या धंद्यातल्या प्रत्येकाला आहे. आणि औषध घेतलं काय, नाही घेतलं काय, शंभरातल्या दोन-तीन बाळांना जन्मतः काही ना काही दोष असतोच. त्यातलं एखादं बाळ गोळी घेणाऱ्या बाईचं निघालं की नातेवाईक चिठ्ठीवरची सही शोधत येतात. दवाखान्याच्या काचा आपल्याकडे कशावरून फुटतात हे नाशिककरांना माहीत आहे. गोळी बंद केली आणि बाई आतून खचत गेली, तर ते नुकसान घराच्या चार भिंतींत होतं, त्यावर कोणाची सही नसते. म्हणून फुली सोपी वाटते. मला यात तुमचा दुष्टपणा अजिबात दिसत नाही, पण हा हिशेब तुमच्या सोयीचा आहे, तिच्या नाही.

मग बाळाचा धोका किती? २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, पॅरोक्सेटिनबद्दल इशारा दिला, हृदयाच्या दोषांची शक्यता वाढते असा. त्यामुळे मूल हवं असलेल्या बाईला ते औषध नव्याने सुरू करणं डॉक्टर टाळतात, ते योग्यच आहे. बाकीच्यांबद्दल बोलायचं तर २०१४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये साडेनऊ लाखांच्या आसपास गरोदरपणांची नोंद तपासलेला अभ्यास आला. त्यातल्या ६४ हजारांहून जास्त बायकांनी पहिल्या तीन महिन्यांत डिप्रेशनची औषधं घेतलेली होती. नुसत्या बेरजेत त्यांच्या बाळांमध्ये हृदयदोष थोडे जास्त दिसले. पण आईचा आजार, तिचं वजन, मधुमेह, इतर औषधं हे सगळं हिशेबात धरल्यावर तो फरक जवळपास पुसला गेला.

शेवटच्या महिन्यांत घेतलेल्या गोळ्यांमुळे बाळाच्या फुप्फुसांतला रक्तदाब चढलेला राहतो, असं २००६ मध्ये पुढे आलं आणि एफडीएने इशारा दिला. २०११ मध्ये त्याच एफडीएने पुरावा परस्परविरोधी असल्याचं सांगून तो इशारा सौम्य केला. आज ढोबळमानाने असं धरतात, की हजारात दोन बाळांना होणारा हा त्रास हजारात तिघांना होऊ शकतो. गंभीर आहे, पण क्वचित आहे.

नेहमी दिसणारी गोष्ट वेगळीच आहे आणि ती कोणी सांगतच नाही. आईने शेवटपर्यंत गोळी घेतली असेल तर दहातल्या साधारण तीन बाळांना पहिल्या दिवसांत थरथर, किरकिर, जोरात श्वास, दूध नीट न ओढणं असा त्रास होतो. बहुतेक वेळा तो काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, आपला आपण जातो. बालरोगतज्ज्ञांना आधी माहीत असलं तर ते बाळावर दोन दिवस नजर ठेवतात आणि घरी पाठवतात. माहीत नसलं तर जंतुसंसर्ग समजून बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं जातं, सुया टोचल्या जातात आणि घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. प्रसूतीनंतरचा रक्तस्रावही या गोळ्यांनी किंचित वाढू शकतो. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना हे आधी ठाऊक असायलाच हवं. बाईने गोळी तुमच्यापासून लपवणं जास्त धोक्याचं आहे ते यामुळे, आणि तुम्ही फुलीच मारणार हे एकदा कळलं की बायका लपवतात.

ऑटिझमचंही ऐकू येतं. २०१७ मध्ये 'जामा'तच स्वीडन आणि कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातले दोन मोठे अभ्यास एकदम आले. एकाच आईची दोन मुलं, एकाच्या वेळी तिने गोळी घेतली होती, दुसऱ्याच्या वेळी नाही, अशी तुलना केल्यावर ऑटिझमशी लावलेला संबंध उरला नाही.

न घेतलेल्या उपचाराचा हिशेबही याच वहीत मांडा. गरोदरपणातलं डिप्रेशन तसंच राहू दिलं तर वेळेआधी प्रसूती आणि कमी वजनाचं बाळ यांची शक्यता वाढते. बाई जेवत नाही, तपासणीच्या तारखा चुकवते, लोहाच्या गोळ्या डब्यात तशाच पडतात, मिश्री सुटलेली असेल तर परत लागते. बाळंतपणानंतर ती बाळाला जवळ घेते पण तिला काही वाटत नाही. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची एकेक फाईल उघडून कारण शोधतात. बाळंतपणाशी थेट संबंध असलेल्या मृत्यूंमध्ये, प्रसूतीनंतर सहा आठवडे ते एक वर्ष या काळात, तिथे आत्महत्या हे सर्वांत मोठं कारण निघतं. आपल्या देशातल्या अभ्यासांची एकत्रित पाहणी जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये २०१७ साली आली होती. बाळंतपणानंतर साधारण २२ टक्के, म्हणजे पाचातल्या एकीहून जास्त बायकांना डिप्रेशन, असा तिचा निष्कर्ष होता.

जुलै २०२५ मध्ये एफडीएने गरोदरपणातल्या या औषधांवर एक चर्चा भरवली. बहुतेक वक्ते औषधांच्या विरोधात बोलले. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अकॉगने, ती चर्चा एकांगी असल्याचं लगेच जाहीर केलं. पण व्हॉट्सॲपवर फिरले ते चर्चेचे तुकडे, अकॉगचं निवेदन नाही. ते तुकडे दाखवून "ताई, हे खरं का?" विचारणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. मोबाइलवर शोधलं की 'कॅटेगरी सी' असंही येतं. गरोदरपणातला धोका सांगणारी ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरं ज्या एफडीएने ठरवली होती, त्यांनीच ती दिशाभूल करतात म्हणून २०१५ पासून नव्या लेबलांवरून काढून टाकली. आपल्याकडच्या ॲपवर आणि औषधांच्या पुस्तकांत ती अजून ठाण मांडून आहेत. आमच्या धंद्यातले लोकही "सी आहे, नका घेऊ" असं काउंटरवरून सांगून मोकळे होतात. त्यांनाही हे पत्र वाचायला देणार आहे.

सातपूरकडची एक मुलगी माझ्याकडे गोळी न्यायची. लग्नाआधीपासून चालू होती, सासरी माहीत नव्हतं. प्रत्येक वेळी म्हणायची, "ताई, नावाकडची बाजू कापून द्या ना." नाव कापलं की एक्सपायरी आणि बॅच नंबरही जातो, म्हणून मी नाही म्हणायची. ती दुकानातच उभी राहून एकेक गोळी फोडून कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरायची. दिवस राहिल्यावर गोळी बंद झाली, नेहमीच्या पद्धतीने. पाचव्या महिन्यात ती परत आली, चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मागायला. ओटीभरणाच्या साडीचं बोलत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. "झोपले की उठूच नये असं वाटतं," असं ती अगदी सहज बोलून गेली. मी झोपेची गोळी दिली नाही. तिची जुनी चिठ्ठी मोबाइलमध्ये होती, तिच्यावरच्या नंबरला दुकानातून फोन लावला आणि मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच संध्याकाळी बोलावलं. फोन दोन मिनिटांचा होता. तो नंबर पहिल्या तपासणीलाही त्याच चिठ्ठीवर होता.

आणखी एक अडचण फक्त आपल्याकडची आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात नाशिकची बाई येवल्याला, सटाण्याला, धुळ्याला जाते. डॉक्टर बदलतात, सोनोग्राफीचे रिपोर्ट नवीन फायलीत लागतात, मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी मात्र सासरच्या कपाटात राहते किंवा मुद्दाम ठेवली जाते. तिकडचे डॉक्टर पहिल्यापासून सुरू करतात आणि दुसरी फुली मारतात. बाळ झाल्यावर "अंगावर पाजायचंय ना, मग बंद" ही तिसरी. सर्ट्रालिन हे डिप्रेशनचं औषध आईच्या दुधातून बाळापर्यंत फारच कमी पोहोचतं आणि त्यासाठी दूध तोडावं लागत नाही, हे तिला कोणी सांगत नाही. आजार उलटण्याची भीती ज्या आठवड्यांत सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच आठवड्यांत तिच्याकडे गोळीही नसते आणि ओळखीचे डॉक्टरही नसतात.

म्हणून तुमच्याकडून हवं आहे ते असं. ती माहेरी जाताना रेफरन्स लेटरवर बीपी आणि हिमोग्लोबिनच्या शेजारी चालू गोळीचं नाव, मात्रा आणि मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर लिहा. नातेवाईकांपुढे गोळीचं नाव काढू नका, तिला आत एकटीला घेऊन विचारा. तिची गोळी कोणालाही सांगण्याआधी तिची परवानगी लागते. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे, त्यात रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क स्पष्ट आहे. आणि ज्यांना गोळी कधीच नव्हती त्यांनाही दोन प्रश्न विचारा. गेल्या महिन्याभरात सारखं उदास, निराश वाटलं का? कशातच मन लागत नाही असं झालं का? ब्रिटनमध्ये दाई हे प्रश्न पहिल्या भेटीतच विचारते. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला सरकारी दवाखान्यांत रांग लागते, तिथेही हे एका मिनिटाचं काम आहे. "हो" म्हणणाऱ्या प्रत्येकीला गोळी लागत नाही. पाकिस्तानच्या खेड्यांत महिला आरोग्यसेविकांनी घरी जाऊन ठरावीक पद्धतीने बोलण्याचा एक कार्यक्रम राबवला. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्या गटात २३ टक्के बायका अजून डिप्रेशनमध्ये होत्या, दुसऱ्या गटात ५३ टक्के. पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर आशाताई घरोघर जातातच, त्यांना हे शिकवता येईल. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात म्हसरूळला आहे, निदान त्यांना तरी हे सांगायला मुंबईला जावं लागणार नाही.

जिला मानसोपचारतज्ज्ञच माहीत नाहीत, तिला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो.

शक्य असेल तर हे सगळं बाळाचा विचार सुरू होण्याआधीच व्हावं. लग्न ठरलेल्या, मूल हवं म्हणून तुमच्याकडे आलेल्या मुलीला औषधांबद्दल तेव्हाच विचारलंत तर पॅरोक्सेटिनच्या जागी दुसरी गोळी, क्लोनाझेपाम हळूहळू कमी, एवढं करायला चार-सहा महिने हातात असतात. दिवस राहिल्यावर घाईत बदल केले तर बाळाला एकाऐवजी दोन औषधं आणि शिवाय उलटलेला आजार, असं तिहेरी व्हायला वेळ लागत नाही.

तुमच्यापैकी कोणाला चिठ्ठीवरच्या गोळीबद्दल फार्मासिस्टशी बोलायचं असेल, तर आम्ही काउंटरवर असतोच. आमच्याकडून असा फोन आला तर रिसेप्शनिस्टला तो तुमच्यापर्यंत पोहोचवायला सांगा, इतकंच.

आपली नम्र,
एक फार्मासिस्ट, सिडको, नाशिक

ता. क. : वरचं सगळं डिप्रेशनच्या गोळ्यांबद्दल आहे. व्हॅलप्रोएट हे वेगळं प्रकरण आहे. फिट्स आणि बायपोलर आजारासाठी ते आपल्याकडे तरुण मुलींनाही सर्रास दिलं जातं. त्याने साधारण दहातल्या एका बाळाला जन्मदोष होतो, आणि दहातल्या तीन-चार बाळांच्या वाढीवर, बुद्धीवर परिणाम होतो. ते घेणाऱ्या मुलीला दिवस राहण्याआधीच न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. पण तेही एका फुलीत तोडू नका, फिट्स असणाऱ्या बाईला अचानक बंद केलेल्या व्हॅलप्रोएटने जीव गमवावा लागू शकतो. तिथे फोन त्याच दिवशी करावा लागतो.